सासऱ्यांच्या दहाव्याला मी मास्क काढला

ज्या रोगाचं नाव आता कुणी तोंडातूनसुद्धा काढत नाही, तो मला यंदा झाला. पाच-सहा वर्षांपूर्वी झाला असता तर गावानं निदान माझ्या गल्लीच्या तोंडाला बांबू तरी आडवे बांधले असते. यंदा झाला तेव्हा लोक म्हणाले, "असं कसं? ते तर गेलं ना कवाच?"

मी हे लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी. ज्यांच्या अंगात दुसऱ्याचा अवयव आहे, ज्यांना कॅन्सरचं औषध चालू आहे, ज्यांना ही सर्दी सर्दीसारखी जात नाही, त्यांच्यासाठी. पुस्तकी माहिती माझ्याकडे नाही, ती डॉक्टरांना विचारा. माझ्याकडे आहे ती किळस. ती मला लोकांची आली, नातेवाइकांची आली, घरच्या माणसाची आली आणि स्वतःचीही आली. ती वगळून लिहायचं तर मग शुभेच्छापत्रच छापावं.

माझं नाव दत्ता, वय एक्कावन्न, गाव न्हावरे. एकोणीस वर्षं सणसवाडीच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. पार्ट हातात घ्यायचा, मापाचा गेज लावायचा, बसला तर पुढं, नाही बसला तर लाल पेटीत. त्या नोकरीनं मला खोड लावली, समोर माणूस आला की आधी त्यातली खोट दिसते. मग एक दिवस माझ्याच दोन्ही किडन्या लाल पेटीत गेल्या. दोन वर्षं डायलिसिस केलं. आमच्या पाळीला आठ खुर्च्या होत्या, दुसऱ्या लाटेत त्यातल्या तीन रिकाम्या झाल्या. त्यामुळे कोरोना म्हणजे काय हे मला टीव्हीवरून कळलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्या बायकोनं, सुमननं, तिची एक किडनी मला दिली. तेव्हापासून मी घराच्या पुढच्या खोलीत दूध संकलन केंद्र चालवतो. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतात, मी दुधाची फॅट मोजतो, पावती देतो.

दुसऱ्याची किडनी अंगात टिकवायची तर शरीराला तिच्याशी भांडू द्यायचं नसतं. म्हणून रोज ठरल्या वेळी गोळ्या खाऊन आपली ताकद आपणच दाबून ठेवायची. ती दाबली की आल्या-गेल्या रोगाला दार उघडं. डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, गर्दीत मास्क, आयुष्यभर. चार वर्षं मी ते पाळलं. केंद्रावर लोक म्हणायचे, "दत्ता, दरोडा घालायला निघाला का काय?" मी पण हसायचो. हसण्यानं मला काही होत नव्हतं.

एकदाच काढला.

पारगावचा घाट

माझे सासरे दौंड तालुक्यातल्या पारगावचे. त्यांना सगळे आबा म्हणत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण शेवटपर्यंत मोटर चालू करायला स्वतः नदीवर जाणारे. उन्हाळ्याच्या शेवटी त्यांना खोकला झाला, मग धाप लागली. दौंडला एका दवाखान्यात ठेवलं आणि पाचव्या दिवशी ते गेले. सुमन पाचही दिवस तिथंच होती. मला तिनं फोनवर सांगितलं, "न्यूमोनिया झालाय म्हणत्यात. तुम्ही येऊ नका. दवाखाना हाय, तुम्हाला कायतरी लागंल." मला तिचं कौतुक वाटलं. स्वतःचा बाप चाललाय आणि हिला माझी काळजी.

अंत्यविधीला मी लांब उभा राहून आलो. पण दहावा चुकवणं जावयाला शक्य नव्हतं. आमच्या भागात दशक्रिया म्हणजे नुसता विधी नसतो, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. नदीच्या घाटावर मांडव पडतो, माइक लागतो, महाराजांचं प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. सोसायटीच्या चेअरमनपासून पंचायत समितीपर्यंतची माणसं ओळीनं उभी राहतात. किती गाड्या लागल्या आणि किती पुढारी बोलले यावर गेलेल्याची नाही, मागं राहिलेल्या पोराची पत ठरते. माझा मेव्हणा बाळासाहेब येत्या निवडणुकीला उभा राहायच्या तयारीत होता. घाटावर हजारभर माणूस होतं.

मी मास्क लावूनच गाडीतून उतरलो. सुमन पायऱ्या चढून माझ्याकडं आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"अवं, तेवढं काढा," ती हळू म्हणाली.

"काय?"

"तोंडावरचं. सगळी बघत्यात. आबांना नेमकं काय झालं हुतं, असं भावकी आधीच इचारतीया. घरचा जावईच तोंड बांधून आला, तर लोकं काय समजायचं ते समजत्याल."

"सुमन, मॅडमनी सांगितलंय..."

"उघड्यावर हाय की. नदीचा वारा हाय. अर्ध्या तासाचा प्रश्न हाय. माझ्या बापाच्या दहाव्याला एवढं करा."

चार वर्षांत या बाईनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी मास्क काढून खिशात घातला.

अर्ध्या तासाचे अडीच तास झाले. मला मांडवात पुढच्या रांगेत बसवलं, जावयाचा मान म्हणून. शेजारचे एक आप्पा धोतराच्या सोग्यात नाक शिंकरायचे आणि तोच सोगा परत मांडीवर पसरून ठेवायचे. मागचा माणूस माझ्या मानेवर खोकत होता, त्याची गरम ओल मला कॉलरच्या आत जाणवली. पाण्याचा एकच जग आणि एकच पेला रांगेतून फिरत होता, जो तो तोंड लावून पुढं देत होता. तंबाखू मळून झाली की एक जण त्याच हातानं चहाचे कागदी कप उचलायचा, अंगठा आत घालून. मी दोन कप घेतले. नाही म्हणवेना.

माइकवर एक पुढारी सांगत होते, "आबा पुण्यवान माणूस. कुणाला त्रास न देता, वयानुसार, शांतपणे गेले." त्यांच्या मागं बाळासाहेब तोंडात उपरणं धरून खोकला दाबत होता. लोक एकेक करून त्याच्या गळ्यात पडत होते. शेवटी तो माझ्या गळ्यात पडला. "दाजी, आबा गेलं वो आपलं," म्हणून हुंदके द्यायला लागला. त्याचं नाक माझ्या खांद्याला पुसलं गेलं. मी त्याची पाठ थोपटत राहिलो.

केली की निघतंय

तिसऱ्या दिवशी घसा धरला. मी म्हटलं, नदीवरची धूळ. दोन दिवस तसाच केंद्रावर बसलो, लोकांच्या किटल्या घेतल्या, पावत्या दिल्या. मास्क होता, पण फॅटचा आकडा ओरडून सांगताना मी तो खाली ओढायचो. ती माझी जुनी सवय. केंद्राच्या कोपऱ्यात पायानं दाबायचा सॅनिटायझरचा स्टँड अजून उभा आहे. त्याच्यावर आम्ही दूध गाळायची फडकी वाळत घालतो.

पाचव्या दिवशी ताप भरला. गावातल्या दवाखान्यात गेलो तर ओसरीवर बाकं भरलेली, सगळे खोकत होते. निदानही सगळ्यांचं एकच आणि ते आत जायच्या आधीच झालेलं.

"व्हायरल हाय," एक जण म्हणाला. "साथ हाय. घरटी माणूस आडवं हाय."

मी शेजारच्या बाईंना विचारलं, "टेस्ट केली का कुणी?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "कशाला? केली की निघतंय. न्हाई केली की न्हाई."

बाकावरच्या चौघांनी माना हलवल्या. पलीकडचा तरुण गडी मला समजावून सांगायला लागला, "काका, ते कोरोना-बिरोना आता राहिलं न्हाई. आता ते आपल्यातलंच झालंय. सर्दीवानी येतं आन् दोन दिसांत जातं. लस झालीय ना सगळ्यांची? मग?" एवढं बोलून तो खोकला, तळहातात, आणि तो तळहात त्यानं बाकाच्या काठाला पुसला.

मला राग आला, पण तो खोटं बोलत होता म्हणून नाही. तो बरंचसं खरं बोलत होता. त्याला खरंच दोन दिवसांत बरं वाटलं असणार. सहा वर्षांत गाव एवढंच शिकलं, की आपल्याला काही होत नाही. पण ज्याला होतं तो आपल्याच बाकावर बसलेला असतो, हे कुणाच्या डोक्यातच शिरलं नाही. मी उठून उन्हात उभा राहिलो. लोकांना वाटलं मी गर्विष्ठ आहे.

आत डॉक्टर सुई भरून तयार होते. आमच्याकडं दोन सुया आणि एक सलाईन लागल्याशिवाय बरं वाटत नाही, आणि सुई न देणारा डॉक्टर गावात टिकत नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, माझी किडनी बदललेली आहे. दुखण्याची सुई मला चालत नाही." त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाले, "मग तुम्ही शिरूरला जा." टेस्टचं नाव त्यांनीही काढलं नाही.

शिरूर

माझा मुलगा अमोल सणसवाडीला कामाला आहे, तिथंच खोली घेऊन राहतो. तो सुट्टी टाकून गाडी घेऊन आला. शिरूरला पहिल्या लॅबमध्ये किट नव्हतं. दुसऱ्या लॅबमधला माणूस हसला. "आता कोण करतंय ते?" म्हणाला. तिसरीकडं खाली कपाटात एक खोका होता, त्याची मुदत बघायला अमोलनंच लावली.

नाकात काडी फिरवली. पंधरा मिनिटं बाहेर थांबायचं होतं. समोर रसवंतीच्या चाकाचे घुंगरू वाजत होते आणि लोक ग्लास नुसता बादलीत बुडवून त्यातच पुढच्याला रस देताना दिसत होते. एरवी मी हे बघितलं नसतं. त्या दिवशी मला सगळीकडं लाळच दिसत होती.

लॅबमधली मुलगी कागद घेऊन आली. "काका, पॉझिटिव्ह हाय," म्हणाली आणि कागद लांबूनच टेबलावर सरकवला. हात ओढणीला पुसले, आणि पुढच्या म्हाताऱ्या बाईंचं साखरेसाठी रक्त घ्यायला तशीच गेली.

सुमनची किडनी माझ्या उजव्या कुशीत आहे, कमरेच्या हाडाच्या जरा वर. कातडीखाली हाताला लागते. मी तिथं हात धरून उभा राहिलो. जीव जाईल ही भीती मला तेव्हा वाटली नाही, खरं सांगतो. भीती वाटली ती त्या खुर्चीची. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, रक्त बाहेर काढून धुऊन परत आत घालणारी ती खुर्ची. ही किडनी गेली तर परत तिथं जायचं, आणि या खेपेला द्यायला कुणी नाही.

अमोलनं मॅडमना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "घरी जाऊ नका. तिथूनच पुण्याला निघा."

जार

मॅडमनी पहिल्या दिवशी सगळं सरळ सांगितलं. "तुमच्या किडनीच्या गोळ्या पूर्ण चालू ठेवल्या तर हा संसर्ग फुप्फुसात पसरेल. बंद केल्या तर शरीर किडनीवर उलटेल. मी एक गोळी थांबवते, दुसरी कमी करते आणि रोज रक्त बघते. तुम्ही फक्त लघवी मोजायची. प्रत्येक थेंब."

मागून पुण्याला आलेल्या सुमनची टेस्ट केली, तीही पॉझिटिव्ह. तिला नुसती सर्दी होती. त्यामुळे दोघांना एकाच वेगळ्या खोलीत ठेवलं, आजारी मी आणि सोबतीला ती.

मग दिवस सुरू झाले. पहाटे रक्त, सात वाजता चहा, आठला मोठ्या डॉक्टरांची फेरी, दुपारी बेचव भात, संध्याकाळी परत रक्त. मधल्या सगळ्या वेळात एक प्लास्टिकचा जार. त्याच्यावर आकड्यांच्या रेघा. मी लघवी करायची, सुमननं जार उजेडाकडं धरून रेघ बघायची आणि कागदावर लिहायचं. घरात असताना आमच्याकडं बायकोनं नवऱ्याचा चहाचा कप उचलला तरी तो बोलायचा विषय होत नाही, पण हे मला फार लागलं. एक्कावन्न वर्षांचा माणूस, आणि बायको त्याचं मूत मापतेय.

रक्तातल्या ज्या आकड्यावर किडनी कशी चाललीय ते कळतं, वाढला की वाईट, तो माझा चार वर्षं सव्वाच्या आसपास होता. भरती झालो तेव्हा एक पूर्णांक नऊ. मग अडीच. मग तीनच्या वर. जारमधली रेघ रोज खाली येत होती. ताप आला की दात वाजायचे, खोकला आला की टाक्याची जुनी जागा ताणायची आणि मी दोन्ही हातांनी कूस दाबून धरायचो, जसं काही आतलं बाहेर पडेल.

चांगलंही काही होतं तिथं. खोली पुसायला एक मावशी यायच्या. नाकावरून घट्ट मास्क, हनुवटीखालून पक्का. मी त्यांना म्हटलं, "मावशी, नाक झाकलेलं माणूस महिन्यात पहिल्यांदा बघतोय." त्या म्हणाल्या, "घरी नातवंडं हायत दोन, आन् इथं तुमच्यासारखी पन्नास. मला कुणाचं पाप नको बाबा." त्या जाताना खिडकीचा पडदा माझ्या बाजूनं जरासा उघडा ठेवायच्या, बाहेरचं बकुळीचं झाड दिसायचं. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

शहाळी

चौथ्या दिवशी गाव भेटायला आलं. आमच्याकडं आजारी माणसाला बघायला गेलं नाही तर ते वर्षानुवर्षं बोलून दाखवतात, त्यामुळे लोक बघायलाच येतात, माणूस कसा आहे याच्याशी त्यांचं फारसं देणंघेणं नसतं. पिकअप भरून आले. सोबत दोन डझन शहाळी. शहाळ्याचं पाणी मला वर्ज्य आहे, किडनीवाल्याला ते भारी पडतं, हे मी चार वर्षं प्रत्येकाला सांगतोय.

गेटवर सिक्युरिटीनं अडवलं. मग तिथूनच व्हिडिओ कॉल. एका पडद्यात सगळी तोंडं कोंबलेली, एकाच्या गालाला एक लावलेली. त्यातले दोघं खोकत होते.

"दत्तादादा, काय झालंय नेमकं?"

मी म्हटलं, "लघवीचं इन्फेक्शन."

हो, मीच म्हटलं. अमोललाही मीच बजावून ठेवलं होतं, गावात हेच सांगायचं. कोरोना म्हटलं की लोक दूध दुसऱ्या केंद्राला घालतील, ही भीती. आणि ताप अंगात घेऊन मी दोन दिवस त्यांच्यात बसलो होतो, हे कळेल ही दुसरी भीती. त्या दोन दिवसांत कोण कोण आलं ते मी पडल्या पडल्या आठवायचो. एका घरातून नुकतीच बाळंत झालेली सून किटली घेऊन आली होती. मी मास्क खाली ओढून तिला फॅट सांगितली होती. तिला फोन करून सांगावं असं मला रोज वाटलं आणि मी एकदाही केला नाही.

संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर फोटो पडला. दवाखान्याच्या गेटसमोर शहाळी हातात घेऊन सगळे. खाली लिहिलं होतं, "दत्तादादांची भेट घेतली, तब्येत ठणठणीत." मला ओकारी आली. खरोखरची आली, सुमननं भांडं धरलं.

मॅडमचा प्रश्न

सहाव्या दिवशी दुपारी मॅडम कागद घेऊन बसल्या. आकडा साडेतीनच्या पुढं गेला होता. हे कुठून, कधी लागलं, अंगात किती दिवस आहे, याचा त्या हिशोब लावत होत्या.

"घरात, नात्यात कुणी आजारी होतं?"

मी म्हटलं, "सासरे. पण ते न्यूमोनियानं गेले."

"त्यांची टेस्ट झाली होती?"

"नाही," मी म्हटलं.

"झाली हुती," सुमन म्हणाली.

ती जार धुऊन मोरीच्या दारात उभी होती. मॅडमनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांनी पेनचं टोपण लावलं. "बोलून घ्या तुम्ही," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

"दौंडला केली हुती," सुमन म्हणाली. "निघाली. बाळासाहेब म्हनला, आक्का, कुणाला बोलायचं न्हाई. दहाव्याला कुत्रं फिरकायचं न्हाई. पुढारी यायचं न्हाईत. आबांची माती व्हईल, म्हनला."

"मला पण बोलायचं नाही?"

"तुम्ही आला नसता."

"नसतोच आलो."

"मला वाटलं आता ते साधं झालंय. सगळीच म्हनत्यात. मला खोकला आला, गेला. बाळासाहेबाला आला, गेला. मला वाटलं..." ती तिथंच खाली बसली. "आबा त्यानंच गेलं ते डोळ्यानं बघितलं, तरी बी मला वाटलं, ते म्हातारं हुतं म्हणून गेलं."

मी काय बोललो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी म्हटलं, "स्वतःच्या हातानं दिलीस आणि स्वतःच्याच हातानं घेतलीस."

मला तिची किळस आली. एका छताखाली अठ्ठावीस वर्षं काढलेल्या, माझ्यासाठी पोट फाडून घेतलेल्या बाईची. तिचा हात जारला लागलेला मला बघवेना. पुढचे तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. रेघ मी स्वतः बघायचो, कागदावर स्वतः लिहायचो. ती भिंतीकडच्या बाकावर बसून असायची, तिच्या डाव्या कुशीवरचा टाका दुखला की हात दाबून. मला तो हात दिसायचा आणि मी तोंड फिरवायचो.

अबोल्याच्या चौथ्या दिवशी मला उठताना चक्कर आली. जार हातातून सुटला, सगळं माझ्या कपड्यांवर, गादीवर, फरशीवर. मी घंटी दाबायच्या आधी ती उठली. माझा पायजमा बदलला, अंग पुसलं. फरशी पुसताना म्हणाली, "दोनशे तरी असंल. लिवून ठेवा, दोनशे."

मी लिहिलं. मग म्हटलं, "गावात मी लघवीचं इन्फेक्शन सांगितलंय."

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

त्या दिवसापासून रेघ परत ती बघायला लागली.

राहिलंय ते

सतरा दिवसांनी सोडलं. आकडा खाली आला, दोन पूर्णांक तीनवर थांबला. मी विचारलं, "अजून उतरेल ना?" मॅडम म्हणाल्या, "खोटं सांगत नाही. गेलं ते परत येणार नाही. पंधरा वर्षं चालली असती ती किती चालेल, मला सांगता येणार नाही. राहिलंय ते जपा."

घरी आल्यावर मी आधी त्या बाळंतिणीच्या घरी फोन केला. बाळाला आठ दिवस खोकला होता, शिरूरला ठेवावं लागलं होतं, आता बरं आहे म्हणाले. मी सांगितलं, मला कोरोना झाला होता आणि मी त्या दिवशी आजारी होतो. पलीकडं तिचा सासरा होता. म्हणाला, "आरं, ते समद्यांनाच झालंय. त्यात काय. फॅट कवापासून लावणार?" त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

केंद्र परत सुरू झालं. मी मास्क खाली ओढत नाही, आकडा पाटीवर लिहून दाखवतो. लोक अजून खोकतात ते माझ्याकडं तोंड करूनच.

महिन्यानं बाळासाहेबाचा फोन आला. सुमन भाकरी करत होती, तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"आक्का, आबांच्या नावानं भव्य आरोग्य शिबिर घेतोय. घाटावरच मांडव. आमदार येनार हायत. तुझा सत्कार ठेवलाय. किडनी दान केलेली आबांची लेक म्हणून. बॅनरला फोटो धाड तुझा आन् दाजींचा, दोघांचा एकत्र."

सुमननं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "येते. पर सत्कार झाल्यावर मला दोन शब्द बोलू दे माइकवर."

"बोल की. काय बोलनार?"

"आबा कशानं गेलं ते. आन् दहाव्याला आपल्याला ठावं हुतं ते."

पलीकडं कुणीतरी खोकलं. बाळासाहेबानं आवाज खाली आणला. "आक्का, माणसं बसल्यात हितं." मग, "राहू दे मग. दाजींना दगदग नको. तब्येत जपा म्हणावं."

फोन बंद झाला. सुमननं भाकरी टोपल्यात टाकली, पुढचा गोळा हातात घेतला आणि तो थापायचा सोडून तसाच धरून बसली.

"खरंच बोलले असते का वो मी?" तिनं विचारलं. "एवढ्या माणसांत?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

"मला बी न्हाई." तिनं गोळा परातीत ठेवला. "तुम्ही ते दवाखान्यातलं लिवताय ना वहीत? त्यात माझं बी लिवा. न्यूमोनिया म्हणून नका लिवू. माझं नाव घालून लिवा, की हिला ठावं हुतं, आन् हिनं नवऱ्याचं तोंड उघडं केलं."

लिहिलं.